बेळगाव कोर्टाजवळचं एक वकील-ऑफिस : ज्युनिअर भरतीचा अनुभव

ऑफिसचं नाव मुद्दाम देत नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि मी केलेल्या कौतुकापायी ऑफिसच्या सरांना कुणी बोल लावायला नको.

मुंबईत सॉलिसिटर व्हायचं तर फर्ममध्ये आर्टिकलशिप (हाताखालची उमेदवारी) करायची आणि बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची, अशी ठरलेली वाट आहे. आपल्याकडे तसं काही नाही. लॉ झालं, बंगळूरहून वकिलीची सनद मिळाली की ओळखीनं कुणाच्या तरी ऑफिसात बसायचं. आधी मीही अशीच एका ठिकाणी बसत होते. काम काय, तर तारखा घ्यायच्या आणि झेरॉक्स काढून आणायच्या. पैशाचा विषय निघाला की "शिकायला मिळतंय की" एवढंच उत्तर. म्हणून या ऑफिसची रीतसर भरतीची नोटीस कॉलेजच्या फळ्यावर बघितली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

लेखी परीक्षेला पाठांतराचा एकही प्रश्न नव्हता. पक्षकारांची नावं झाकलेलं एका जुन्या वाटणी दाव्याचं बाड पुढ्यात ठेवलं आणि वंशावळ व तारखांची यादी काढायला सांगितलं. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे खानापूर-निपाणीकडच्या जमिनीचं खरेदीखत मराठीत, नंतरचे उतारे कन्नडात आणि कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) इंग्रजीत. आपल्या भागात वकिली करायची म्हणजे रोज हेच कागद हाताळायचे. दुसरी कुठली परीक्षा इतकी खरी असेल असं मला वाटत नाही.

वंशावळीतल्या थोरल्या मुलीचं लग्न १९९४ च्या आधीचं. कर्नाटकानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तो ३० जुलै १९९४ पासून, पण तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. पुढे २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली (२० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीनं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेल्या वाटण्यांना तिनं हात लावला नाही) आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलीचा हक्क जन्मानंच असल्याचं स्पष्ट केलं. भावांनी मात्र २००१ चं साध्या कागदावरचं वाटणीपत्र हजर केलेलं. मुलाखत सर आणि ऑफिसातल्या मॅडम घेत होत्या. मॅडमनी विचारलं, "आता हिचा हिस्सा गेला का?" मी म्हटलं, वाटणी २० डिसेंबर २००४ च्या आधीची असली तरी नोंदणीकृत नाही, कोर्टाचा हुकूमनामाही नाही, तेव्हा एवढ्यावर हिस्सा जात नाही. त्यावर सरांनी त्याच वाटणीवरून झालेला फेरफार (जमिनीच्या दप्तरातली नावबदलाची नोंद) काढून समोर ठेवला. वाटणीपत्राची नोंदणी नसली तरी हा सरकारी दप्तरातला पुरावा! खरी मुलाखत तिथून सुरू झाली. माझं उत्तर कुठं टिकतं आणि कुठं लंगडं पडतं हे दोघांनी बराच वेळ, अगदी बरोबरीनं बोलत तपासलं. "कुणाची मुलगी, कुठल्या गावची, लग्न कधी करणार" यातलं काहीही विचारलं नाही. मुलींनो, हे नीट वाचा.

कन्नड कच्चं म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. उतारा मोठ्यानं वाचायला लावतात, अडखळलात तर सहा महिन्यांची मुदत देतात. माझी जोडी अथणीच्या एका मुलाशी लावली. तो मला कन्नड अर्ज लिहायला शिकवतो, मी त्याला जुनी मराठी खतं वाचून दाखवते.

स्टायपेंड सुरुवातीला महिना दहा हजार. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली आहे, त्यामानानं हे कमीच. सरांना तसं सांगितलंय. पण पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर जमा होतात, मागावे लागत नाहीत. बाहेरगावच्या मुलींना शेवटच्या बसच्या आत सोडतात.

एक गोष्ट मात्र बदलायलाच हवी. निवड न झालेल्यांना काही कळवत नाहीत. माझी मैत्रीण आठवडेच्या आठवडे फोनची वाट बघत दुसरीकडे अर्ज न करता थांबली. एका मेसेजनं काम झालं असतं.

पाचपैकी चार गुण. नोटीस साधारण लॉच्या निकालानंतर लागते. जाण्याआधी आपल्याच घरच्या जमिनीचे उतारे घेऊन बसा, प्रत्येक नाव कुठून आलं ते शोधा आणि वंशावळ हातानं काढून बघा.