थुंब्याहून आलेली अकरा पत्रे

डिचोलीच्या एका शाळेत मी एकोणतीस वर्षे विज्ञान शिकवले आणि जवळजवळ तितकीच वर्षे अंतराळयुगाच्या आरंभकाळातली तिकिटे, पाकिटे आणि पत्रे जमवली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर याच संग्रहासाठी केलेल्या एका खरेदीत माझी साठ हजार रुपयांची फसवणूक झाली. घरच्यांखेरीज हे कोणाला सांगावे असे वाटत नव्हते. परंतु म्हापशाच्या एका संग्राहक मित्राला नुकताच अगदी तसाच गठ्ठा, काजूच्या तशाच जुन्या पत्र्याच्या डब्यात, त्याच कहाणीसह दाखवण्यात आला, आणि आता गप्प राहणे योग्य नाही याची खात्री पटली.

विकणारे गृहस्थ पन्नाशीचे, बोलण्यात अदबशीर. पणजीतल्या एका तिकीट-प्रदर्शनात ते स्वतःहून येऊन बोलले. त्यांचे काका म्हणे फोंडा महालातले. गोवा मुक्त झाल्यावर नोकरीच्या शोधात केरळात गेले आणि तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा अग्निबाण केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागले. तिथून त्यांनी आईला लिहिलेली १९६३ ते १९६७ या काळातली अकरा पत्रे घराच्या माळ्यावर सापडली होती. ही कहाणी खरी वाटण्यासारखीच होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढे दोन वर्षेही पुरी होण्याआधी, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, थुंब्याहून ‘नाइके-अपाची’ हा पहिला अग्निबाण उडाला. त्या आरंभीच्या मंडळींत आपल्या भागातला कोणी तरुण असावा, ही कल्पना माझ्या मनाला फार भावली.

पत्रे वाचताना मी भारावून गेले. मेरी मॅग्डलीनच्या चर्चमध्ये थाटलेले कार्यालय, सायकलवरून नेलेला अग्निबाणाचा भाग, संध्याकाळच्या आकाशात पसरलेला सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग, विक्रम साराभाईंची धावती भेट, असे सारे त्यांत होते. डबा उघडला त्याच दिवशी त्यांनी सांगितले की मुंबईचा एक व्यापारी सोमवारी येणार आहे, मात्र वस्तू गोव्यातच राहावी अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. फोंड्याचे घर पाहता येईल का, असे मी विचारले. तेव्हा वारसांचा वाद चालू असून घराला कुलूप आहे, असे उत्तर मिळाले. मी तिथेच थांबायला हवे होते. पत्रांचे ४८,००० आणि युरी गागारिन यांची सही असलेल्या एका कार्डाचे १२,००० रुपये मी दोन हप्त्यांत मोबाइलवरून पाठवले. पावती मागितली नाही.

तीन आठवड्यांनी शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर काका घरी आले होते. त्यांना मोठ्या उत्साहाने मी एकेक पाकीट दाखवू लागले. १९६४च्या एका पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात फोंड्याचा पत्ता होता. काका तो बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बाई, पिन कोड सुरू झाला बहात्तरच्या पंधरा ऑगस्टला. मी तेव्हा खात्यात नवा होतो. चौसष्टच्या पाकिटावर हा ४०३४०१ कोणी लिहिला?” रोज लिहिण्या-वाचण्यात असलेला आकडा म्हणून तो माझ्या डोळ्यांना खुपलाच नव्हता. त्याच पाकिटावर त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तिकीट खरे होते, ‘नये पैसे’ छापलेले, भारताच्या नकाशाचे. पण ते दुसऱ्या कुठल्या तरी पाकिटावरून पाण्यात भिजवून काढलेले. तिकिटावर शिक्क्याचा जो कंस होता त्याचा पुढचा भाग पाकिटावर हाताने काढलेला होता आणि तिकिटाच्या दातेरी कडेपाशी त्या दोन रेषा केसभराच्या अंतराने चुकत होत्या. खऱ्या पाकिटावर शिक्का एकाच ठोक्यात तिकिटावर आणि कागदावर उमटतो, त्यामुळे रेषा अशी तुटत नाही.

त्या रात्री अकराही पत्रे मी भिंगाखाली पुन्हा वाचली. १९६६च्या पत्रात ‘इस्रो’चा उल्लेख होता, आणि इस्रोची स्थापना तर १५ ऑगस्ट १९६९ची, त्याआधी हे काम १९६२ साली नेमलेल्या अंतराळ संशोधन समितीकडे होते. कागद सगळीकडे सारखाच तपकिरी होता, घडीच्या आतल्या बाजूलाही. खरा जुना कागद कडांना आणि घडीच्या बाहेर जास्त पिवळा पडतो, आत त्याचा मूळ रंग राहतो. शिवाय गोव्याचे साठ पावसाळे माळ्यावर काढलेल्या कागदावर बुरशीचा एकही ठिपका नसावा, कसरीने एकही कोपरा कुरतडलेला नसावा, हे कसे शक्य आहे?

मला सर्वांत जास्त चटका लावून गेली ती मात्र पत्रांची भाषा. मुलाने आईला ‘प्रिय आई’ अशी सुरुवात केली होती. त्या काळच्या आमच्या घरांतली पत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की तिथे ‘तीर्थरूप आईस, शि. सा. न. वि. वि.’ यावाचून लेखणी पुढे सरकत नसे. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले १९६२ साली. त्याआधी शाळा शिकलेला माणूस ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरीं’ असे अनुस्वार हाताच्या सवयीनेच देत असे आणि ती सवय पुढे कित्येक वर्षे सुटली नाही. माझ्या वडिलांची सत्तरच्या दशकातली पत्रेही अशीच अनुस्वारांनी भरलेली आहेत. या अकरा पत्रांत तसा एकही अनुस्वार नव्हता. आणि परगावी नोकरीला गेलेल्या मुलाच्या पाच वर्षांच्या पत्रांत मनीऑर्डर पोचली का, बहिणीच्या लग्नाचे कुठवर आले, चतुर्थीला रजा मिळेल की नाही, यांतले एक अक्षरही नव्हते. होते ते फक्त अग्निबाण, साराभाई आणि सायकल. म्हणजे प्रसिद्ध छायाचित्रांतून कोणालाही कळेल तेवढेच, आणि नेमके मला वाचायचे होते ते. घरी लिहिलेल्या पत्रात पाहुण्याला कंटाळवाणे वाटेल असे पुष्कळ असते. ते नसणे हाच माझ्या मते पिन कोडाहून मोठा पुरावा होता.

गागारिन यांच्या कार्डाबद्दल थोडक्यात सांगते. १९६१च्या अखेरीस ते भारतात आले होते, मुंबईलाही आले होते, त्यामुळे त्यांची सही इथल्या एखाद्या घरात सापडणे अशक्य नाही. पण भिंगाखाली या सहीची रेषा अखंड शाईची नव्हती. ती निळ्या, गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांची होती, म्हणजे छपाई यंत्रातून निघालेली. सही विकत घेताना केवळ कागद आणि शाई खरी असून भागत नाही, हेही इथे सांगायला हवे. अमेरिकी अंतराळवीरांच्या सह्यांची मागणी इतकी होती की नासाकडून ‘ऑटोपेन’ नावाच्या यंत्राने केलेल्या सह्याही पाठवल्या जात. ती सही खऱ्या पेनाची, खऱ्या शाईची असते, पण हात माणसाचा नसतो. माणूस दोनदा सही करतो तेव्हा ती कधीच तंतोतंत जुळत नाही. एकावर एक ठेवलेल्या दोन सह्या रेषेला रेष जुळल्या तर ते काम यंत्राचे समजावे. नील आर्मस्ट्राँग यांनी १९९०च्या दशकात सह्या देणे बंद केल्यावर त्यांच्या नावाच्या बनावट सह्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा त्यांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे.

मी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावरही नोंद केली आहे. तिथे पहिला प्रश्न आला तो पैसे कधी पाठवले याचा, कारण अशी तक्रार पहिल्या काही तासांत आली तर रक्कम रोखता येण्याची शक्यता असते. माझे तीन आठवडे निघून गेले होते. त्या गृहस्थांचा फोन आता लागत नाही. कोणी ‘काकांची पत्रे’ घेऊन आले तर त्या काकांची दुसरी कागदपत्रे मागा: नेमणुकीचा आदेश, पगाराची चिठ्ठी, एखादे छायाचित्र, निदान त्याच हस्ताक्षरातला वाण्याचा हिशेब. ज्या घरात अकरा पत्रे जपली गेली तिथे त्या माणसाचे एवढे तरी शिल्लक असते. सोमवारी मुंबईचा व्यापारी येणार असेल तर येऊ द्या.

जुन्या कागदावर शाई लावायची नाही, खूण करायचीच तर मऊ पेन्सिलीने, हा नियम मी आयुष्यभर पाळला. पेन्सिलीची खूण पुसता येते, आणि माझ्या मागे हा डबा कोणाच्या हाती पडेल ते मला ठाऊक नाही. पोलिसांकडे प्रती दिल्यानंतर मी अकराही पत्रांच्या आणि त्या कार्डाच्या पाठीमागे ठळक काळ्या शाईने ‘बनावट’ असे लिहिले आणि खाली तारीख घातली.