कोळसा संपल्यावर उरलेली जमीन: एरंडवण्यातलं प्रदर्शन, नक्की बघा

पुण्यात एरंडवण्याला एका छोट्या गॅलरीत कोळसा खाणींच्या जमिनीचं नंतर काय होतं यावर प्रदर्शन लागलंय, फोटो, मॉडेल्स आणि एक व्हिडिओ. एंट्री फ्री. मी मूळची चंद्रपूरची, त्यामुळे बराच वेळ रेंगाळले.

सगळ्यात भारी म्हणजे इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँडियाचं मॉडेल. शॉटनच्या ओपनकास्ट म्हणजे उघड्या खाणीतून निघालेल्या 15 लाख टन माती-दगडातून चार्ल्स जेंक्सने आडवी पहुडलेली बाई घडवलीय, 400 मीटर लांब, 34 मीटर उंच, 2012 पासून लोक तिच्या अंगाखांद्यावर फिरतायत, आणि खाण चालू असतानाच हे काम झालं हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आमच्याकडे ओबी (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरची काढून टाकलेली माती-दगड) म्हणून ढिगारे लावून सोडून देतात तोच माल हा!

तरी मनात बसलं ते जर्मनीतल्या एसेनचं काम. खाणीच्या राखाडी ढिगाऱ्यावर शिल्पकार रिचर्ड सेराने 1998 ला सुमारे 15 मीटर उंच पोलादाची एकच प्लेट उभी केलीय, आजूबाजूला झाड नाही काही नाही. जमिनीवर काय झालं ते झाकलेलं नाहीये, मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. एसेनच्याच झोलफराइन या बंद कोळसा खाणीचे फोटो सुंदर आहेत, पण तिच्या लाल टॉवरचे फोटो सगळीकडे दिसतात.

खटकलं ते हे की भारताचा एकच पॅनल, आणि तोही झारखंडमधल्या झरियाच्या कोळसा खाणींतल्या आगीचा. अहो, आमच्या चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरला येऊन बघा ना, ओबीच्या ढिगाऱ्यांवर बाभळी माजल्यात, त्यात वाघ-बिबटे येतात आणि खाली वस्ती आहे, रात्री पोरांना बाहेर सोडायची भीती. जमीन 1957 च्या कोळसा कायद्याखाली गेली की कोळसा संपला तरी शेतकऱ्याकडे परत येत नाही, 2022 मध्ये केंद्राने अशा जमिनी इतर कामांना वापरायचं धोरण केलं त्यातही मालकी सरकारी कंपनीकडेच. ढिगाऱ्याचं काय करायचं हे कोण ठरवणार, गावाला विचारणार का, यावर प्रदर्शनात एक ओळ नाही.

माहितीच्या पाट्या फक्त इंग्रजीत आणि अक्षर बारीक, वयस्कर मंडळींना त्रास होतो, मराठी पाट्या लावाच. व्हिडिओचा आवाजही हळू आहे, हेडफोन मागून घ्या. आर्किटेक्चरच्या पोरांनी तर जावंच, आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स, आमच्याकडची सरकारी कोळसा कंपनी) साहेबांना कोणी पुण्यात आणू शकत असेल तर प्लीज इथे आणा.