इसुझू इंजिनाच्या अ‍ॅम्बेसेडरला मागचा एक्सल बदलला: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

गाडी मार्क 3. मूळ 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन जाऊन तिच्यात 1817 सीसीचं इसुझू आणि त्याचाच पाच गियरचा बॉक्स बसून बरेच दिवस झाले. आरसी बुकावर इंजिनाची नोंदही रीतसर करून घेतली आहे. मागचा एक्सल मात्र जुनाच होता, आणि धुळे-जळगाव रस्त्यावर तो रोज जाणवायचा. पारोळा ओलांडून मोकळा रस्ता लागला की इंजिन म्हणायचं चल, आणि मागून ओरड सुरू व्हायची.

जुन्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे एक्सलच्या मधल्या गियरपेटीत, पिनियनला (इंजिनाकडून फिरणारा लहान गियर) 9 आणि क्राउनला (चाकं फिरवणारा मोठा गियर) 41 दात, म्हणजे 4.56 चा रेशो: चाकांच्या एका फेरीला पिनियनच्या साडेचार फेऱ्या. कमी ताकदीच्या इंजिनाने चार-पाच माणसं आणि डिकीभर सामान ओढावं, हा त्यामागचा हिशेब. तिथे दीड पट ताकदीचं इंजिन बसवलं की गियर भराभर संपतात. पहिला तर नुसता नावाला उरतो.

शोधाशोध करून एका मोडीत निघालेल्या इसुझू अ‍ॅम्बेसेडरचा अख्खा एक्सल मिळाला. विकणारे रेशो छातीठोकपणे सांगतात, त्यावर जाऊ नका. दोन्ही चाकं उचला, दोन्ही एकत्र एक पूर्ण फेरी फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट (गियरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा दांडा) किती फेऱ्या घेतो ते खडूची खूण करून मोजा. माझ्या हाती लागलेल्या जोडीचे दात उघडून मोजले तर 11 आणि 43 निघाले, म्हणजे 3.91. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच घासून बसवलेले असतात. एकाचा क्राउन, दुसऱ्याचा पिनियन असा संसार टिकत नाही.

बेअरिंगं आणि ऑइल सील सगळे नवे टाकले. मिस्त्री जुने आहेत, अहिराणीतच बोलतात, आणि शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) लावताना तर बोलतच नाहीत. दातांमधली फट मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी ठेवायची असते, ती त्यांनी डायल गेज लावूनच पाहिली. दातांना रंग लावून चट्टा नेमका कुठे उमटतो तेही पाहिलं. तुमचा मिस्त्री ‘हाताला कळतं’ म्हणत असेल तर दुसरा मिस्त्री शोधा. पहिली चक्कर मारून आल्यावर आमचे मिस्त्री एवढंच म्हणाले, “आते चाली राहिनी भो.”

आता वापराचं. चौथ्या गियरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला 3000 फेऱ्यांवर जी गती मिळायची, ती आता साधारण 2570 वर मिळते. पाचव्यात तर गाडीत बसून आईशी आवाज न चढवता बोलता येतं. पेट्रोल थोडं कमी लागतं, पण त्यासाठी कोणी हा खर्च करू नये, तो वसूल होणार नाही.

घाटात मात्र किंमत मोजावी लागते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आधी तिसऱ्यावर निघणारी वळणं आता दुसऱ्यावर काढावी लागतात. पुढे उसाची ट्रॉली असेल तर पहिला आणि क्लच यांचा खेळ चालतो. सारखं तोरणमाळला जाणाऱ्याने, किंवा मूळ 1489 चं इंजिनच ठेवलेल्याने, हा रेशो घेऊच नये. त्यांना 4.56 च बरा, फार तर 43 ला 10 चा 4.3.

बसवल्यावर लगेचच एक थरथर सुरू झाली, साठ-पासष्टच्या आसपास. सगळे चाकांच्या बॅलन्सिंगकडे बोट दाखवत होते. कारण निघालं पिनियनच्या कोनात. गियरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर नसले की शाफ्टच्या टोकाचा जॉइंट क्रॉस प्रत्येक फेरीत गचके देतो. पाट्याखाली (एक्सल ज्यावर बसतो ती पट्ट्यांची स्प्रिंग) पाचरीसारखी तिरपी पट्टी टाकली आणि शाफ्टचं बॅलन्सिंग नाशिकला करून घेतलं, तेव्हा ती गेली. या दोन कामांचा खर्च एक्सलच्या किमतीच्या वर गेला. पाटे जुने, दबलेले असतील तर आधी तेच भरून घ्या. जास्त टॉर्क आला की एक्सल पाट्यांना पीळ देतो आणि कोन पुन्हा बिघडतो. एक्सल पाट्याला धरणारे यू-बोल्ट थोडं चालवल्यावर परत आवळावे लागतातच.

खानदेशचा उन्हाळा ही या एक्सलची खरी परीक्षा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, वर डांबराची धग. तेल ईपी 90, म्हणजे जास्त दाब सोसणारं, जीएल-5 दर्जाचं. हायपॉइड दातांना (यात पिनियन क्राउनच्या मध्यावर नसून बाजूला सरकलेला असतो) साधं गियर ऑइल चालत नाही, दात एकमेकांवर घसरत फिरतात. एक्सलच्या हौसिंगवरची हवा सोडायची छोटी नळी जरूर साफ ठेवा. काळ्या मातीच्या चिखलाने ती बुजली की आतली गरम हवा सील ढकलते आणि तेल ब्रेकच्या लायनरवर उतरतं. पावसाळ्यात माझ्या डाव्या ड्रममध्ये नेमकं हेच सुरू झालं होतं, वेळेत दिसलं. तेल भरताना बुचाच्या पातळीवर थांबा, ‘अजून थोडं’ नको.

साठच्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बारीक शीळ अजून येते. ओढताना येत नाही, म्हणून मी तिला हात लावलेला नाही.

एक गोष्ट बसवण्याआधी कोणीच बोललं नाही. स्पीडोमीटरची केबल गियरबॉक्समधून निघते, त्यामुळे काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 70 ने चाललेली असते. महामार्गावर कॅमेरे लागलेत, चलान घरी येतं. गियरबॉक्समधली स्पीडोची छोटी चकती बदलली की हे सुटतं, पण योग्य दातांची चकती अजून मिळालेली नाही. तोवर काचेवर 70 च्या जागी लाल टिकली चिकटवली आहे: काटा तिथे पोचला की खरी गती 80 च्या वर.