लिली की पीस लिली, सायकस की अरेका? कुत्र्या-मांजरांच्या घरात झाड निवडताना

घरात मांजर असेल तर लिली आणू नका. कुंडीत नको, फुलदाणीतही नको. बाकी झाडांबाबत थोडी तडजोड चालते, इथे अजिबात नाही. मांजराने पान खायलाच हवं असं नाही. ते फुलाला घासून गेलं की परागांची भुकटी अंगाला लागते, आणि थोड्या वेळाने ते निवांत बसून अंग चाटू लागतं. तेवढंही पुरतं. फुलदाणीतलं पाणीसुद्धा घातक. आधी उलट्या होतात, खाणं सुटतं, मग काही वेळ बरं वाटल्यासारखं दिसतं. इथेच माणूस फसतो, कारण एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. डे लिलीही तितकीच वाईट. कुत्र्याचं मात्र या दोन्हींनी सहसा पोट बिघडतं, तेवढंच.

पीस लिली नावापुरतीच लिली, ती अळूच्या कुळातली. तिच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून चावताच तोंडाची आग होते, लाळ गळते. मनीप्लांट आणि डिफेनबेकियाचंही तेच. त्रास होतो, जिवावर क्वचितच बेततं. हवंच असेल तर उंचावर टांगा.

कुत्रा असेल तर मला सर्वांत धास्ती सायकसची. त्याला सॅगो पाम म्हणतात, पण तो खरा पाम नव्हे. झाड सगळंच विषारी, त्यातही बिया जास्त. त्यातलं सायकासिन यकृत निकामी करतं. तशाच झुपकेदार पानांची हौस असेल तर अरेका पाम घ्या, तो कुत्र्या-मांजरांना निर्धोक आहे.

कुंपणाला कण्हेर की जास्वंद? जास्वंद. कण्हेरीचं विष हृदयाची लय बिघडवतं आणि वाळलेल्या पानातही टिकतं, त्यामुळे छाटलेल्या फांद्या अंगणात टाकणंही धोक्याचं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीसुद्धा त्याच पंगतीतली.

कोरफडीच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाने उलट्या-जुलाब होतात. ती आवाक्याबाहेर ठेवली की झालं.

प्राण्याने यातलं काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका. झाडाची फांदी किंवा फोटो घेऊन पशुवैद्याकडे जा. मांजर आणि लिली असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. सलाइन लवकर सुरू झालं तरच मूत्रपिंडं वाचण्याची आशा असते.