निळी चपटी केबल आणि अडुसष्ट हजारांचं कर्ज

मुलाखत घेणाऱ्या सरांनी टेबलावर एक राउटर ठेवला, शेजारी लॅपटॉप आणि एक निळी चपटी केबल. म्हणाले, "लॉगिन करून दाखवा." पाच महिने राउटर कॉन्फिगर करायला शिकलेला मी ती केबल हातात घेऊन कुठे लावायची ते शोधत राहिलो.

नेटवर्किंगचं, म्हणजे संगणक एकमेकांशी जोडण्याचं, शिक्षण देतो म्हणून पुण्यातल्या एका क्लासने माझे पैसे कसे घेतले ते मला इथे सविस्तर सांगायचं आहे. बार्शी, करमाळा, परंडा अशा भागांतून दरवर्षी शेकडो मुलं डिप्लोमा किंवा बीएस्सी करून पुण्याला येतात आणि पहिल्याच आठवड्यात अशा एखाद्या क्लासच्या पायऱ्या चढतात. मी जून 2023 मध्ये चढलो.

आत गेल्या गेल्या काचेच्या कपाटात सिस्को या कंपनीचे राउटर आणि स्विच ही नेटवर्कची यंत्रं रॅकमध्ये लावलेले दिसले. हिरवे दिवे लुकलुकत होते. बाबा सोबत होते, तेही बघत राहिले. काउन्सेलर मॅडमने सांगितलं, "फी अडुसष्ट हजार. त्यात सीसीएनएची आंतरराष्ट्रीय परीक्षा आली आणि नोकरीची शंभर टक्के हमी. एकदम भरायची गरज नाही, बारा हप्ते करून देतो, व्याज शून्य." सीसीएनए म्हणजे सिस्कोचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र. बाबांनी दोनदा विचारलं, "मॅडम, नोकरी लागली नाही तर?" त्या म्हणाल्या, "काका, आमच्याकडून कोणी रिकाम्या हाताने गेलं नाही." परीक्षेच्या नोंदणीला लागतं म्हणून पॅन आणि आधार मागितलं, माझ्या मोबाइलवर आलेले तीन-चार ओटीपी त्यांनीच टॅबवर टाकले, आणि शेवटी स्क्रीनवर बोटाने सही करायला लावली.

तेव्हा मला फक्त एवढं समजलं की दर महिन्याला 5,667 रुपये क्लासला जाणार. प्रत्यक्षात एका वित्तकंपनीने माझ्या नावावर कर्ज काढून ती रक्कम क्लासला देऊन टाकली होती, आणि त्या बोटाच्या सहीने माझ्या खात्यातून हप्ता कापायची परवानगी मी देऊन बसलो होतो. ईमेलवर नऊ पानी इंग्रजी कागद आला होता. मी तो उघडला नाही. ही चूक माझी, आणि तुम्ही ती करू नका. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम सप्टेंबर 2022 पासून आहेत. कर्ज देणाऱ्याने मुख्य अटींचा गोषवारा द्यावाच लागतो, आणि सुरुवातीचे काही दिवस दंड न भरता, मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून कर्जातून बाहेर पडता येतं. ते दिवस किती, हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं. मी तो वाचला असता तर पहिल्याच आठवड्यात सुटायची धडपड तरी केली असती.

आता शिकवण्याचं. पहिल्या महिन्यात चार हजार रुपये घेऊन पेनड्राइव्हमध्ये 'क्लासचं स्वतःचं लॅब सॉफ्टवेअर' दिलं. ते पॅकेट ट्रेसर होतं, म्हणजे खऱ्या यंत्रांशिवाय संगणकावरच नेटवर्कचा सराव करायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीवर खातं उघडलं की ते कुणालाही फुकट उतरवता येतं. त्यात क्लासच्या सरांनी बनवून ठेवलेल्या फाइल होत्या. फाइल उघडायची, पाटीवरच्या कमांड टाइप करायच्या, पिंग केलं, म्हणजे समोरचा संगणक उत्तर देतो का ते तपासलं, की चार ओळी उत्तर यायचं आणि सर पुढच्या फाइलकडे वळायचे. आम्हाला वाटायचं, येतंय. खरं म्हणजे त्या फाइलमध्ये केबल आधीच जोडलेल्या होत्या, इंटरफेस, म्हणजे केबल लावायची तोंडं, आधीच सुरू केलेले होते, बहुतेक आयपी पत्तेही घातलेले होते. उरलेल्या दोन ओळी आम्ही भरत होतो.

काचेतल्या रॅकला पाच महिन्यांत एकाही मुलाचा हात लागला नाही. विचारलं तर उत्तर यायचं, पुढच्या मॉड्यूलमध्ये. त्यातलं मोठं मशीन 2811 हे जुनं मॉडेल होतं. शिकायला जुनं यंत्र चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजही बरेच जण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनं घेऊन घरी सराव करतात. तक्रार ही की ते फक्त पालकांना दाखवायला होतं.

नवशिक्याला हे ओळखता येत नाही, आणि क्लासचा सगळा धंदा त्यावरच चालतो. म्हणून नव्या राउटरवर खरोखर काय होतं ते सांगतो. डबा उघडून त्याला वीज दिली की तो आधी विचारतो, सुरुवातीची मांडणी प्रश्नोत्तरांनी करायची का, हो की नाही. हा प्रश्न मी मुलाखतीच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. त्याच्याही आधी राउटरशी बोलायला ती निळी केबल कन्सोल पोर्टला लावावी लागते, आणि लॅपटॉपवर पुटीसारख्या प्रोग्रॅममध्ये वेग 9600 ठेवावा लागतो. मुलाखत घेणाऱ्या सरांनी ते मला दाखवलं. मग मी इंटरफेसला पत्ता दिला, पिंग केलं, उत्तर नाही. पुन्हा केलं, नाही. सर म्हणाले, "शो आयपी इंटरफेस ब्रीफ टाक." स्क्रीनवर आलं, ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन. सिस्कोच्या राउटरचे इंटरफेस मुळात बंद असतात, 'नो शटडाउन' लिहिल्याशिवाय चालू होत नाहीत. आमच्या फाइलमध्ये ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असायचं. शेवटी पिंग झालं. सरांनी शांतपणे मागची वीज काढून परत लावली. माझं सगळं काम पुसलं गेलं होतं, कारण चालू मांडणी स्टार्टअप-कॉन्फिग या वीज गेली तरी टिकणाऱ्या फाइलमध्ये कॉपी करायची असते हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

ते सर रागावले नाहीत. त्यांनी क्लासने दिलेलं माझं प्रमाणपत्र हातात घेतलं आणि विचारलं, "पडताळणीचा क्रमांक कुठाय?" त्यावर तसा क्रमांकच नव्हता. खऱ्या सीसीएनएच्या प्रमाणपत्रावर तो असतो, आणि नोकरी देणारा सिस्कोच्या साइटवर टाकून तपासू शकतो. खरी परीक्षा 200-301 या नावाने फेब्रुवारी 2020 पासून चालते, पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर किंवा घरून देखरेखीखाली द्यावी लागते, वेळ 120 मिनिटं, आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. आम्ही दिलेली 'आंतरराष्ट्रीय परीक्षा' क्लासच्याच संगणकावरचा गुगल फॉर्म होता. त्याआधी तीन आठवडे त्यांनी प्रश्नोत्तरांची पीडीएफ पाठ करायला दिली होती. खऱ्या परीक्षेत अशा चोरलेल्या प्रश्नांचा आधार घेतल्याचं सिद्ध झालं तर प्रमाणपत्र रद्द होतं आणि पुढे बसायलाही बंदी येऊ शकते, हे मला नंतर कळलं.

फीचा हिशेब तेव्हाच मांडला असता तरी खोटं उघडं पडलं असतं. त्या परीक्षेची फी तेव्हा 300 डॉलर होती, त्यावर 18 टक्के कर. म्हणजे त्या वर्षीच्या दराने 29 हजारांच्या आसपास. माझ्या बॅचमधल्या एकाला घासाघीस केल्यावर पूर्ण कोर्स, परीक्षेसकट, 28 हजारांना दिला होता. नुसत्या परीक्षेलाच त्याहून जास्त पैसे लागतात. आम्ही मात्र त्याला नशीबवान म्हणत होतो.

नोव्हेंबरमध्ये एका सोमवारी क्लासला कुलूप. दारावर 'स्थलांतर होत आहे' अशी चिठ्ठी. फोन बंद. हप्ते मात्र चालूच. मी बँकेत पैसे ठेवायचं बंद केलं, तर दोन महिन्यांत वसुलीचे फोन बार्शीला बाबांना जायला लागले आणि माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, खाली आला. माझी कळकळीची विनंती आहे, हप्ता असा अचानक बंद करू नका. आधी वित्तकंपनीला लेखी तक्रार द्या, पोच ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते. क्लासविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद होते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मला हे सगळं कळायला तीन महिने लागले. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यांत नोकरीच्या अशा खोट्या हमीला मनाई आहे. म्हणून क्लासचं पत्रक, बोर्डाचा फोटो, व्हॉट्सॲपवरचे निरोप, काही पुसू नका. माझ्याकडे पत्रक होतं ते बाबांनी पाकिटात जपून ठेवलं होतं म्हणून.

चौकशीला जाल तेव्हा डेमो लेक्चरला बसा आणि एवढं मागा: कपाटातला राउटर बाहेर काढा, त्यातलं सगळं पुसा, आणि रिकाम्या राउटरवरून दोन संगणकांना एकमेकांशी बोलतं करून दाखवा. मग वीज काढा आणि परत लावा. शिकवणारा खरा असेल तर त्याला अर्धा तास लागेल आणि आनंदही होईल. मग पैशांचं विचारा: हप्ता क्लासला जातो की माझ्या नावावर कर्ज होतंय? आपला ओटीपी आपणच टाका, त्या मेसेजमध्ये काय लिहिलंय ते वाचून.

मी सध्या बार्शीत एका केबल-इंटरनेटवाल्याकडे फायबरची कामं करतो आणि रात्री पॅकेट ट्रेसर रिकामी फाइल उघडून करतो. केबल स्वतः जोडतो. बॅचमधल्या अकरा जणांनी मिळून आयोगात तक्रार टाकली आहे. परवा गल्लीतला एक मुलगा त्याच्या आईला घेऊन आला, पुण्याच्या एका क्लासचं पत्रक दाखवायला. काकूंनी विचारलं, "हप्ते बिनव्याजी आहेत म्हणतात, भरू का रे?" मी त्यांना माझ्या मोबाइलवर तो नऊ पानी कागद उघडून दिला आणि आम्ही तिघांनी तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.