आठ महिन्यांत एकच मोटर कंट्रोलर गेला: रोबोटवर केलेल्या उपायांचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या सीझनमध्ये आमच्या रोबोटिक्स टीमचे चार मोटर कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते सांभाळणारे बोर्ड, जळाले. चौथा गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मॅच होती आणि शिल्लक एकही नव्हता, म्हणून इनटेकची, म्हणजे मैदानावरच्या वस्तू आत ओढणाऱ्या भागाची, मोटर बंद ठेवून रोबोट मैदानात उतरवावा लागला. मुलांनी ज्या इनटेकवर सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, तोच स्पर्धेभर नुसता मिरवत राहिला. यंदा इलेक्ट्रिकलचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ठरवलं, की नवे कंट्रोलर मागवण्याआधी जुने का गेले ते शोधायचं. त्यातून जे उपाय निघाले ते आता आठ महिने वापरून झाले आहेत.

आमची मांडणी फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतल्या रोबोटांवर असते तशीच आहे. १२ व्होल्ट, १८ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी, १२० अँपिअरचा मुख्य ब्रेकर, मोठ्या मोटरांना प्रत्येकी ४० अँपिअरचा ब्रेकर आणि ड्राइव्हला, म्हणजे चाकांना, चार सिम (CIM) मोटर.

चारही कंट्रोलर आम्ही उघडले. तोवर सगळ्यांचं मत एकच होतं, की मॅचमधल्या ढकलाढकलीत लोड जास्त झाला आणि ते गेले. भिंगाखाली चित्र वेगळं दिसलं. दोन कंट्रोलरमध्ये ॲल्युमिनियमचा कीस होता. एकात तर नखाच्या कोरीएवढा कुरळा, चकचकीत तुकडा मॉसफेटच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) दोन पायांच्या मधोमध वितळून चिकटला होता आणि भोवतीचा बोर्ड काळा पडला होता. तिसऱ्याचे प्लस-मायनस उलटे लागले होते. लोडमुळे तापून गेलेला असा एक चौथाच.

कीस फसवा असतो. फ्रेमला शेवटच्या घटकेला एक भोक पाडलं, कानस मारली, की तो कंट्रोलरच्या फटीतून आत जातो आणि आठवडेच्या आठवडे गप्प पडून राहतो. मग मॅचमध्ये रोबोट कुठेतरी आदळतो, तुकडा सरकतो, नको त्या दोन जागा जोडल्या जातात आणि धूर निघतो. सगळ्यांना वाटतं मॅचने मारला. आम्हीही पूर्ण एक सीझन तेच समजत होतो.

त्यामुळे पहिला उपाय कंट्रोलरवर छप्पर घालण्याचा. पहिली कव्हरं पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापली, ती फुकट गेली. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. दोन तासांच्या सरावानंतर हीट सिंकला (कंट्रोलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) टेकलेल्या कव्हरांच्या कडा वाकल्या. दुसरी खेप पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकची केली, वरून बंद, बाजूंनी उघडी आणि हीट सिंकपासून बोटभर अंतरावर. ती आठ महिने टिकली आहेत. मात्र सुरुवातीला ती चार स्क्रूंनी बसवली होती आणि घाईत कुणीच चार स्क्रू परत लावत नाही. दोनदा कव्हर टेबलावर आणि रोबोट मैदानात असं झालं. आता वेल्क्रोची पट्टी लावली आहे, एका हाताने निघते आणि एका हाताने बसते. तेव्हापासून कव्हर मागे राहिलेलं नाही.

कव्हर असलं तरी रोबोटवर ड्रिल मारायचं असेल तर आधी पूर्ण इलेक्ट्रिकल बोर्डावर ओलं फडकं अंथरायचं आणि काम झालं की व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा. कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारायची नाही. हवेने कीस निघून जात नाही, तो आणखी आत घुसतो. आधी आमच्याकडे हीच सवय होती आणि मला वाटतं त्या दोन कंट्रोलरचा निकाल तिनेच लावला. चुंबकावरही विसंबू नका, ॲल्युमिनियमला तो ओढत नाही.

आता उलट्या जोडणीचं. यंदा गेलेला एकमेव कंट्रोलर यातलाच, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. पाचव्या महिन्यात एका नव्या मुलाने आर्मचा कंट्रोलर बदलला. त्याने प्लस-मायनस नीट पाहिलं, पण बॅटरीच्या तारा आउटपुटला आणि मोटरच्या तारा इनपुटला लावल्या. मुख्य स्विच टाकताच आर्म फिरायला लागला. रोबोट अजून इनेबलही केलेला नव्हता, म्हणजे त्याला हलायची परवानगीच दिलेली नव्हती. स्विच लगेच बंद केला. तो म्हणाला, "ताई, कोडमध्ये काहीतरी चुकलंय, आपोआप फिरतोय." अर्धा तास आम्ही सगळे कोड वाचत बसलो. कोडमध्ये काहीच सापडेना, म्हणून मोटरच्या तारा सोडवून ठेवल्या, पुन्हा स्विच टाकला आणि इनेबल केलं. फट् असा आवाज आला आणि जळकट वास सुटला.

झालं होतं ते असं. कंट्रोलरच्या एच-ब्रिजमध्ये, म्हणजे मोटर दोन्ही दिशांना फिरवणाऱ्या सर्किटमध्ये, चार मॉसफेट असतात आणि प्रत्येकात करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड अंगचाच असतो. बॅटरी आउटपुटला लावली की करंट या डायोडांमधून इनपुटकडे जातो आणि तिथे जोडलेली मोटर कुणीही न सांगता पूर्ण वेगाने फिरते. तोवर कंट्रोलर जिवंत असतो. कमांड मिळाली की मॉसफेट चालू होतात आणि बॅटरी थेट शॉर्ट होते. म्हणजे इनेबल न करता मोटर फिरली, तर कोडकडे बघूच नका. स्विच बंद करा आणि तारा बघा. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर तो कंट्रोलर वाचला असता.

प्लस-मायनस उलटे झाले तर तेवढीही सवड मिळत नाही. वरचा आणि खालचा डायोड मिळून बॅटरी लगेच शॉर्ट करतात. बॅटरी आणि तारा यांचा मिळून रोध २० मिलिओहम धरला तरी हिशेबाने ६०० अँपिअर होतात. ४० अँपिअरचा ब्रेकर उष्णतेवर चालतो, दुप्पट करंटलाही तो काही सेकंद तग धरतो. सिलिकॉनला तेवढा वेळ नसतो. ब्रेकर तार वाचवण्यासाठी आहे, कंट्रोलर वाचवण्यासाठी नाही, हे आता मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते.

त्या घटनेनंतर इनपुटच्या आणि आउटपुटच्या कनेक्टरांची घडण वेगळी ठेवली, एकात दुसरा बसतच नाही. आउटपुटच्या दोन्ही तारांवर पांढरी हीट श्रिंक (तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवली. नवीन जोडणी पहिल्यांदा चालू करण्याआधी दोघांनी तारेवर बोट ठेवून बॅटरीपासून मोटरपर्यंत मोठ्याने बोलत जायचं. मुलांना सुरुवातीला हे शाळकरी वाटलं, आता मी नसतानाही करतात. तीन महिन्यांत एकही चूक स्विचपर्यंत पोहोचलेली नाही.

करंट लिमिटवर आमची बरीच वादावादी झाली. सिम मोटर पूर्ण अडकली तर १२ व्होल्टला सुमारे १३१ अँपिअर ओढते. कंट्रोलरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४० चे ८० अँपिअर झाले की उष्णता चौपट. मुलांचं म्हणणं होतं की ब्रेकर पडत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. पण कंट्रोलर २५ टक्के ड्यूटीवर, म्हणजे पाव वेळच बॅटरी जोडून, चालत असेल आणि मोटरमधून ८० अँपिअर वाहत असतील, तर बॅटरीकडून साधारण २०च येतात. ब्रेकरला २० दिसतात, मॉसफेट ८० सोसत असतात. आर्म वजन धरून हवेत थांबलेला असतो तेव्हा नेमकं हेच चालू असतं. तापून गेलेला तो चौथा कंट्रोलर आर्मचाच होता. म्हणून कंट्रोलर घेताना मोटरच्या बाजूचा करंट मोजून तिथे मर्यादा घालता येते का, हे जरूर बघा. नुसती बॅटरीच्या बाजूची मर्यादा अशा वेळी कामी येत नाही.

ड्राइव्हला आधी ४० ची मर्यादा घातली. ड्रायव्हरची तक्रार आली की ढकलताना जोर लागत नाही, आणि ती खरी होती. मग रोबोट भिंतीला टेकवून थोडं थोडं वाढवत गेलो. ६० च्या आसपास चाकं जागच्या जागी घसरायला लागली. त्यापुढचा करंट मैदानाला काहीच देत नाही, नुसता तापवतो. तिथेच मर्यादा ठेवली आणि शून्यापासून पूर्ण वेगाला ०.२५ सेकंदाचा रॅम्प दिला, म्हणजे वेग एकदम न देता चढवत न्यायचा. रॅम्पची भीती सगळ्यांना होती, पण दोन दिवसांत ड्रायव्हर ते विसरून गेला. बॅटरीचा व्होल्टेज कोसळून रोबोट अडखळायचा, तेही जवळपास थांबलं. आर्मला मर्यादेपेक्षा स्प्रिंगचा उपयोग जास्त झाला, वजनच तोललं गेलं आणि धरून ठेवायला लागणारा करंट निम्म्याहून खाली आला.

कॅन बसबद्दल, म्हणजे कंट्रोलरांपर्यंत कमांड नेणाऱ्या दोन तारांबद्दल, थोडक्यात: रोबोट बंद ठेवून त्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावून रोध मोजा. दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर असतील तर ६० च्या आसपास दिसतं. १२० दिसलं तर एक टोक निसटलेलं आहे. या एका मोजणीमुळे आम्ही "मेला" म्हणून बाजूला काढलेला एक कंट्रोलर परत रोबोटवर बसला.

एका गोष्टीवर अजून समाधान नाही, ती म्हणजे बॅटरीचे लग, तारा बॅटरीला जोडणारी धातूची टोकं. कितीही घट्ट पिळले तरी महिनाभरात एखादा सैल होतोच. मोटर ब्रेक करत असते तेव्हा ऊर्जा उलटी बॅटरीकडे येते. त्याच क्षणी जोड तुटला तर तिला जायला वाट राहत नाही आणि कंट्रोलरच्या इनपुटवरचा व्होल्टेज उसळतो. स्टार वॉशर लावून पाहिले, थोडा फरक पडला. सध्या प्रत्येक मॅचआधी लग हाताने हलवून बघतो, जरासा जरी हलला तरी बॅटरी बदलतो. बंद रोबोट ढकलत नेतानाही मुलांना हळू चालायला लावते, कारण फिरणाऱ्या मोटरा जनित्र होतात आणि कंट्रोलरचे दिवे लुकलुकायला लागतात.

सीझनच्या सुरुवातीला तीन कंट्रोलर जादा घेतले होते. एक आर्मवर बसला. उरलेले दोन अजून पाकिटातच आहेत.