ईस्टवर्ड की हायपर लाइट ड्रिफ्टर?

उद्ध्वस्त जग, पिक्सेल आर्ट (ठळक चौकोनी ठिपक्यांची चित्रं), छोटा स्टुडिओ. एवढं साम्य असल्यामुळे या दोन व्हिडिओ गेममध्ये निवड करताना अनेकांचा गोंधळ होतो. खेळायला मात्र दोन्ही अगदी वेगळे.

गोष्ट: ईस्टवर्डमध्ये (२०२१) अबोल जॉन आणि बडबडी सॅम जमिनीखालच्या वस्तीतून बाहेर पडतात. हत्यार म्हणजे फ्राइंग पॅन! वाटेत भेटणारी माणसं जीव लावतात, पण संवाद संपता संपत नाहीत. शेवट धूसर आहे, ही खेळाडूंची तक्रार मला रास्त वाटते. ड्रिफ्टरमध्ये (२०१६) संवादच नाहीत. लोक आपली कहाणी चित्रांतून सांगतात. नायक मध्येच खोकत रक्त ओकतो. मुख्य निर्मात्याला जन्मापासून हृदयविकार आहे हे कळल्यावर तो खोकला मनाला जास्तच लागतो.

लढाई: इथे ड्रिफ्टर सरळ सरस. डॅश (झटकन पुढे झेप), वार, पुन्हा डॅश. तलवारीचे वार बसले की बंदूक भरते. चुकीला माफी नाही. ईस्टवर्डची लढाई सोपी, कोडी बरी.

वेळ: ईस्टवर्डला २५-३० तास, ड्रिफ्टरला साधारण त्याचा तिसरा हिस्सा.

माणसांत रमत निवांत खेळायचं असेल तर ईस्टवर्ड घ्या. हात साफ करायचा असेल आणि गोष्टीचे धागे स्वतः जुळवायला आवडत असेल, तर ड्रिफ्टर.